चौदा दिवसांत निघून जावे

वेल्सफर्ड काउंटीचा इतिहास प्रतापराव देवस्थळींना तिथे जन्मलेल्या गोऱ्यांपेक्षा जास्त पाठ होता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची ही जुनी काउंटी. सोळाशे चाळीसच्या सुमाराला नदीच्या मुखाशी अठरा कुटुंबं उतरली आणि खाऱ्या दलदलीतलं गवत गुरांना चालतं म्हणून तिथेच राहिली. पुढच्या तीस वर्षांत एका गावाची तीन गावं झाली. पहिल्यांदा फूट पडली ती चर्च पाच मैल लांब पडतं म्हणून, दुसऱ्यांदा गवताच्या वाटणीवरून. "आपलं मंडळ नाही का गणपती कुठल्या हॉलमध्ये बसवायचा यावरून फुटलं, तसंच," असं प्रतापराव महाराष्ट्र मंडळात सांगायचे आणि हमखास हशा मिळवायचे.

निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं ते दर मंगळवारी गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीत जाऊन बसत. तिथे गावची जुनी दप्तरं होती. त्या दप्तरांत त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे परक्यांना दिलेल्या नोटिसा. त्या काळी बाहेरगावचा माणूस येऊन कुणाच्या घरी राहिला, की घरमालकानं गावाला कळवायचं. मग गावचा कॉन्स्टेबल दारात जाऊन त्या पाहुण्याला बजावायचा, की चौदा दिवसांत निघून जावे. कारण उद्या तो कंगाल झाला, तर त्याला पोसायचं कुणी? गावानं! अशा चारशेच्या वर नोंदी प्रतापरावांनी शोधून काढल्या होत्या. "बघा, म्हणजे हेसुद्धा सगळे एकेकाळी नकोसेच होते," हे वाक्य ते फार चवीनं म्हणत.

शोधून काढल्या होत्या असं म्हटलं खरं, पण त्यातलं निम्मं श्रेय ईश्वरचं होतं. ईश्वर रामटेके मूळचा भंडाऱ्याचा, वय चौतीस, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या संक्रांतीला त्याची ओळख झाली. काकांना जुनी अक्षरं डोळे ताणून वाचावी लागतात हे कळल्यावर तो चार महिने दर शनिवारी येत राहिला. त्यानं दप्तराच्या एकूण एक पानाचे फोटो काढले आणि नाव टाकलं की नोंद समोर येईल अशी सोय करून दिली. त्याची बायको मीरा प्रतापरावांच्या पत्नी सुचित्राताईंबरोबर स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायची आणि पाच वर्षांची आन्या बेसमेंटमध्ये कॅरमच्या सोंगट्या उडवत बसायची. "आमचं घरचंच माणूस," असं प्रतापराव त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगत.

यंदा गावाला पावणेचारशे वर्षं पूर्ण होणार होती. मे महिन्यात गावसभेच्या जुन्या मीटिंगहाउसमध्ये कार्यक्रम ठरला. प्रतापरावांनी जानेवारीतच एक छोटा प्रवेश लिहून ठेवला होता आणि त्यात कॉन्स्टेबलचं काम ते स्वतः करणार होते. सोसायटीच्या अध्यक्ष डॉरथीबाई म्हणाल्या, की गावच्या कार्यक्रमात आजवर एकाही भारतीयानं काम केलेलं नाही. त्या दिवसापासून प्रतापरावांचे पाय जमिनीला लागेनात.

एप्रिलमध्ये ईश्वरची नोकरी गेली.

त्यानं फोन केला तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. "काका, ले-ऑफ झालाय. साठ दिवसांत दुसरं काही मिळालं नाही तर देश सोडावा लागेल. चार-पाच ठिकाणी इंटरव्ह्यू चालू आहेत, त्याचं टेन्शन नाही. पण लीज संपतेय आणि नोकरीचं लेटर नसताना नवीन अपार्टमेंट कुणी देत नाहीये. सहा आठवडे तुमच्या बेसमेंटमध्ये राहिलो तर चालेल का? आन्याचं किंडरगार्टन जूनमध्ये संपतंय. आम्ही तुमच्याकडे राहतो, एवढं एक पत्र शाळेला द्यावं लागेल. नाहीतर तिचं नाव कमी करतील."

"अरे, त्यात विचारायचं काय! काकूंशी बोलतो आणि कळवतो," प्रतापराव म्हणाले.

ते काकूंशी बोललेच नाहीत. त्यांनी थेट क्युपर्टिनोला मुलाला, वेदला, फोन लावला.

"बाबा, रायटिंगमध्ये काहीही देऊ नका," वेद म्हणाला. "पत्र दिलं की तो टेनंट होतो. मग त्याला काढणं इम्पॉसिबल असतं. अँड व्हॉट इफ ही नेव्हर फाइंड्स अ जॉब? तुम्ही दोघं एकटे असता यार तिथे."

प्रतापरावांना हे ऐकून बरं वाटलं, हे इथेच सांगून टाकायला हवं. त्यांना नाही म्हणायचंच होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तीन माणसं, एक सामायिक स्वयंपाकघर, साठ दिवसांची टांगती तलवार आणि वर आपल्या सहीचं पत्र, या सगळ्याची त्यांनी धास्ती घेतली होती. पण खरं कारण सांगून नाही म्हणायला जी हिंमत लागते, तिचा पुरवठा देवस्थळींच्या घराण्यात आधीपासूनच कमी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ईश्वरला फोन केला. "अरे, काय सांगू तुला! बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय. परवा पाऊस झाला ना, पाणी उपसायचा पंपच बंद पडला. घोट्यापर्यंत पाणी, कार्पेट पार भिजून गेलं. आता दोन महिने तरी काम चालेल." थाप मारायला एकदा सुरुवात केली की माणूस रंगतो. प्रतापरावांनी कार्पेटला येणाऱ्या कुबट वासाचंसुद्धा वर्णन केलं.

"बापरे!" ईश्वर म्हणाला. "काका, तुम्ही काही उचलाउचल करू नका हं. पाठ सांभाळा."

शनिवारी सकाळी नऊला बेल वाजली. प्रतापराव दाढी करत होते. दार सुचित्राताईंनी उघडलं. बाहेर ईश्वर उभा, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात दुकानातून भाड्यानं आणलेलं पाणी ओढायचं मशीन. शेजारी गुलाबी गमबूट घातलेली आन्या, तिच्या हातात स्टीलचा डबा.

"काकू, मीरानं उपमा दिलाय. म्हणाली, पाण्याच्या गडबडीत तुम्हाला स्वयंपाकाला सवड नसेल. काका कुठेत? त्यांना म्हणावं, खाली उतरू नका, मी आणि आन्या बघतो."

"पाणी?" सुचित्राताई म्हणाल्या. "कसलं पाणी?"

प्रतापराव अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून धावत आले, पण उशीर झाला होता. आन्या डबा ठेवून नेहमीच्या सवयीनं जिना उतरून खाली गेली होती. खालून तिचा निराश आवाज आला, "डॅडी, देअर इज नो वॉटर!"

ईश्वर तिला आणायला खाली गेला. त्याच्या मागोमाग प्रतापराव गेले. न जाऊन करतात काय? बेसमेंट अगदी लख्ख होतं. सुचित्राताईंनी आदल्याच दिवशी व्हॅक्यूम केलं होतं आणि त्याचे पट्टे कार्पेटवर सरळ रेषेत उमटलेले होते. कोपऱ्यात पाहुण्यांचा पलंग, त्यावर इस्त्रीची चादर. ईश्वरनं कार्पेटकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. बुटांची माती कार्पेटला लागली होती. तो चटकन खाली वाकला आणि खिशातल्या रुमालानं ती पुसायला लागला.

"राहू दे रे," प्रतापराव म्हणाले.

"नाही नाही, डाग पडेल." माती पुसून तो उठला. काकांच्या गालावरच्या फेसाकडे त्याची नजर गेली, तसा तो दुसरीकडे बघायला लागला. "चला, बरं झालं काका. लवकर वाळलं."

एवढं बोलून त्यानं एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात आन्याचा हात धरला आणि तो वर गेला. तो दोन शब्द बोलला असता, निदान तोंड वाकडं केलं असतं, तरी प्रतापरावांना चाललं असतं. पण त्यानं काकांची लाज स्वतःच झाकून घेतली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का म्हणतात, हे त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

गाडी गेल्यावर सुचित्राताईंनी सगळं वदवून घेतलं. फोन, वेद, थाप, सगळं. त्या ओरडल्या नाहीत. डबा त्यांनी नवऱ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, मागच्या वर्षी जोगळेकरांचा यशोधन तीन महिने इथेच राहिला. त्याला बँकेसाठी पत्रसुद्धा दिलंत. तेव्हा नाही तुम्ही वेदला फोन केलात."

"तो प्रश्न वेगळा होता."

"कसा वेगळा होता?"

प्रतापरावांकडे उत्तर होतं. जोगळेकर ओळखीतले होते, ‘आपल्यातले’ होते. ते उत्तर जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथेच ते कसलं उत्तर आहे हे त्यांचं त्यांना दिसलं. आयुष्यभर त्यांनी कुणाची जात काढली नव्हती. निदान त्यांचा तसा समज होता. ते मान खाली घालून उपम्याच्या डब्याचं झाकण काढायला लागले.

पुढचे तीन आठवडे त्यांनी रोज फोन हातात घेतला. काय बोलायचं ते मनात जुळवायचे, ईश्वरचं नाव काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. कार्यक्रमाला तो येणार नाही अशी त्यांची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तशी आशाही होती. पण त्यानं जानेवारीत शब्द दिला होता, की पडद्यावर पानांचे फोटो मी दाखवीन. तो अर्धा तास आधीच आला, केबल जोडून मागच्या बाकावर बसला. मीरा आणि आन्याही आल्या होत्या.

मीटिंगहाउस गच्च भरलं होतं. काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी आणि हातात काठी अशा वेषात प्रतापराव उभे राहिले. समोर गावातलं एक गोरं जोडपं विणकर आणि त्याची बायको होऊन उभं. एक तपकिरी माणूस आपल्या पुणेरी इंग्रजीत त्यांना गावाबाहेर काढणार, यात काय गंमत आहे ते लोकांना लगेच कळलं. हशा पिकला. मागे पडद्यावर सोळाशे अठ्ठ्याण्णव सालचं पान झळकलं.

"थॉमस विल्किन, विणकर, त्याची बायको आणि एक मूल," प्रतापराव वाचू लागले, "हे वरच्या गावाहून येथे आले असून एबनेझर कॉब याच्या घरी राहतात. यांस बजावण्यात येते, की चौदा दिवसांत निघून जावे."

आता नोंदीतली शेवटची ओळ राहिली होती. जानेवारीत लिहिताना त्यांना ती साधी वाटली होती. "कॉब यास विचारता तो म्हणतो, की तरीही..."

त्यांना पुढचं वाचता येईना. मागच्या बाकावरच्या तिघांकडे त्यांची नजर गेली. थॉमस विल्किनलाही एकच मूल होतं.

"...तो म्हणतो, की तरीही मी त्यांना ठेवणार."

मग पहिल्या रांगेतल्या डॉरथीबाई उभ्या राहिल्या, त्यांच्या मागोमाग सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. लोक येऊन हात हातात घेत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, परदेशातून येऊन इथे घर उभं केलेल्या माणसाचंच मन हे असं भरून येऊ शकतं. डॉरथीबाईंनी डोळे पुसले आणि यापुढे हा प्रवेश दर वर्षी शाळेतल्या मुलांना दाखवायचा, असं तिथेच जाहीर करून टाकलं. प्रतापराव सगळ्यांना थँक यू, थँक यू म्हणत होते. प्रत्येक थँक यूबरोबर त्यांना जास्त जास्त चोरट्यासारखं होत होतं.

गर्दी ओसरल्यावर ते मागच्या बाकाशी गेले. ईश्वर केबल गुंडाळत होता.

"ईश्वर, पाणी आलं नव्हतं रे."

"माहीत आहे, काका."

"मी घाबरलो. खोटं बोललो. आणि नुसतं घाबरलो असंही नाही..." त्यांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढलं. "आजच या. सामान घेऊन या. पत्र लिहून ठेवलंय मी, हे बघ, बरोबरच आणलंय."

ईश्वरनं त्या पाकिटाकडे पाहिलं, पण ते घेतलं नाही. "मंगळवारी निघतोय आम्ही. दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, मीराची बहीण असते. आन्याचं नाव शाळेतून काढलं परवाच." त्यानं केबलची गुंडाळी पिशवीत ठेवली. "काका, एक सांगू? मीराला मी काही बोललो नाहीये. तुमच्याकडे खरंच पाणी आलं होतं असंच तिला वाटतंय. या गावात तिला आपलं वाटावं असं तुमचं एकच घर होतं. ते तसंच राहू द्या. प्लीज."

"पण मला तिची माफी मागायचीय..."

"नको. त्यानं तुम्हाला बरं वाटेल, काका. तिला नाही वाटणार."

तेवढ्यात मीरा आन्याला घेऊन आली. तिनं वाकून काकांना नमस्कार केला. प्रतापरावांनी तिला मध्येच अडवायला हवं होतं, पण त्यांचे हात उठलेच नाहीत.

"काय मस्त वाचलंत काका! रडवलंत," ती म्हणाली. मग जरा संकोचून म्हणाली, "आणि सॉरी हं. तुमच्या घरात एवढं पाणी आलेलं, आणि आम्ही नेमकं त्याच वेळी राहायला येऊ का म्हणून विचारलं. तुम्हाला किती ऑकवर्ड झालं असेल. मी ह्याला म्हटलंसुद्धा, आपण विचारायलाच नको होतं."

ईश्वर पिशवीची चेन लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"असू दे गं," प्रतापराव म्हणाले. "त्यात काय एवढं."

"नाही, खरंच. रागावला नाहीत ना?"

"नाही," प्रतापराव म्हणाले, "अजिबात रागावलो नाही."