शून्य माणसं

रक्तपेढीसाठी मी जो डॅशबोर्ड बनवला होता ना, तो बघून कुणाचीही छाती फुगली असती. रंगीत आलेख, नकाशे, गरगर फिरणारे आकडे, सगळं एका क्लिकवर. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आणि रक्तपेढीतलं चिटपाखरूही तिकडे फिरकलं नाही.

रक्तपेढी सांभाळतात माझ्या थोरल्या नणंदबाई. घरी चहाच्या वेळी विचारलं की म्हणायच्या, "छान केलंयस हो." घरचं माणूस घरच्या माणसाला दुसरं काय म्हणणार? मीही खुळी, तेवढ्यावर खूश. शेवटी साहेबांनीच ऐकवलं, "महिनाअखेरीला बघतो. कुणी वापरत नसेल तर बंद. उगाच कशाला पोसायचं?"

एवढी राबले होते मी त्यावर. दुसऱ्या दिवशी तडक रक्तपेढीत जाऊन उभी राहिले. वन्संच्या हातात कायम हातमोजे. पासवर्ड टाकायचा तर मोजे काढा, पुन्हा नवे घाला. त्यापेक्षा त्या फ्रीज उघडून पिशव्यांवरच्या तारखा वाचत होत्या. त्यांना एवढंच हवं होतं, की आता आधी कुठली पिशवी काढू? माझ्या आलेखांशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. आलेख उडवले, नकाशे उडवले, पासवर्डही उडवला. फ्रीजशेजारी भिंतीवर एक स्क्रीन, त्यावर रक्तगटाप्रमाणे फक्त आधी मुदत संपणाऱ्या पिशव्या. कुणी काही भरायची कटकट नाही. पिशवी आत-बाहेर करताना त्या स्कॅन करतातच, तिथूनच सगळं आपोआप यायचं. उद्या मी नोकरी सोडली तरी चालत राहील, असं. काय भारी वाटत होतं म्हणून सांगू!

महिनाअखेरीला साहेबांनी बोलावलं. "वापरणारी माणसं किती, बघा. शून्य. आत्ताच बंद करायला लावलं मी."

शून्य? मी कपाळावर हात मारला. माणसं मोजली जायची पासवर्डवरून, आणि तो तर मीच काढून टाकलेला. आता हे साहेबांच्या गळी कसं उतरवायचं? मी तोंड उघडणार, तोच दार उघडलं. नणंदबाई, हातमोज्यांसकट.

"स्क्रीन कुणी बंद केला?" आणि माझ्याकडे वळून, "काय पोरखेळ लावलायस गं? ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन येतायत, आणि मी तारखा वाचत बसू? आधी सवय लावायची आणि मग काढून घ्यायचं, ही कुठली रीत?"

साहेब चुळबुळले. "मॅडम, आजचा दिवस जरा..."

"आजचा दिवस नाही. आत्ता."

साहेबांनी निमूट फोन उचलला. "चालू करा ते. हो, लगेच."

वन्सं तणतणत निघून गेल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला झापलं होतं, तेही साहेबांसमोर, आणि माझं हसू काही केल्या आवरेना.