एक नग, एका माणसासाठी

अलकनंदाबाई देवस्थळींना तंबू हवा होता तो एकच माणूस मावेल एवढा. हे त्यांनी घरात तीनदा सांगितलं. पहिल्यांदा नवरा हसला, दुसऱ्यांदा मुलगा काळजीत पडला, आणि तिसऱ्यांदा दोघांनी मिळून विचारलं, "पण मग आम्ही कुठे झोपायचं?"

प्रश्न रास्त होता. 'घरी' हे त्याचं उत्तर दोघांपैकी एकालाही सुचत नव्हतं.

दोन हजार सहा सालचा फेब्रुवारी होता. अलकनंदाबाईंची नुंगंबाक्कमच्या ऑडिट ऑफिसातली तेहतीस वर्षं एप्रिलअखेर संपणार होती. त्यांतली एकोणतीस त्यांनी अण्णा नगरच्या या दोन खोल्यांतून जाऊन-येऊन काढली. या एकोणतीस वर्षांत त्या एकट्या झोपल्या होत्या एकदाच, चौऱ्याण्णव साली, काटपाडी स्टेशनच्या विश्रामगृहात. ऑडिटचा दौरा होता आणि बरोबरच्या बाईंना ऐन वेळी ताप आला. रात्रभर खाली मालगाड्या धडधडत होत्या, गादीला ढेकूण होते, आणि 'माझा चष्मा कुठे आहे' असं कोणीही विचारलं नव्हतं. अलकनंदाबाईंच्या हिशेबात ती रात्र अजून वेगळ्या रकान्यात होती.

हॉटेलात जाऊन भागलं नसतं. डबल रूम सिंगलपेक्षा फार महाग नसते हे उमाकांतरावांना पाठ होतं. बहिणीकडे जावं तर बहीण होती. मग दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघताना एका मासिकात त्यांना फोटो दिसला : टेकडीवर छोटासा पिवळा तंबू आणि बाहेर चपलांचा एकच जोड. दुसऱ्या माणसाला मुळात आत येताच येणार नाही अशी राहण्याची सोय जगात आहे, हे त्यांना वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. फक्त तो झटपट उभा राहायला हवा होता. कारण त्यांना आपली माणसं ठाऊक होती : तंबूला दहा मिनिटं लागली असती, तर अकराव्या मिनिटाला कोणीतरी मदतीला हजर झालं असतं.

जागाही ठरली होती. ऑफिसातल्या विशालाक्षीची शहराबाहेर ऊत्तुकोट्टैच्या रस्त्याला आंब्याची बाग होती, कुंपण घातलेली, आणि राखणदाराची बायको कनका तिथेच राहत होती.

"आई, घरात कोणी काही बोललं का तुला?" उन्मेषनं विचारलं. तो शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि माणसात बिघाड कुठे झालाय ते आधी शोधायचं, असं त्याला तिथे शिकवलं होतं.

"नाही रे."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम नाहीये. तंबू नाहीये."

खरेदी मात्र उमाकांतरावांकडेच जाणार होती. ते रेल्वेच्या स्टोअर्स खात्यातून निवृत्त झालेले. घरात कढीपत्तासुद्धा ते तीन ठिकाणी भाव विचारून आणत. एकदा खिडकीच्या पडद्यांच्या कड्यांचा अख्खा ट्रक त्यांनी दोन मिलिमीटरच्या फरकावरून परत पाठवला होता. ही हकीकत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेली होती, काहींनी दोनदा.

"तोंडी मागणीवर मी आजवर टाचणी घेतलेली नाही," ते म्हणाले. "लेखी दे."

अलकनंदाबाईंनी लिहून दिलं : 'तंबू. एक नग. एका माणसासाठी. मागणी करणाऱ्याला मदतीशिवाय पाच मिनिटांत उभा करता यावा. रंग कोणताही.' खाली सही आणि तारीख.

उमाकांतरावांनी कागद दोनदा वाचला, त्याला भोक पाडलं आणि फाईलला लावला. आठवड्याभरात तीन कोटेशनं आली. एक नुंगंबाक्कमच्या खेळाच्या सामानाच्या दुकानाचं, दुसरं ब्रॉडवेच्या बाजारातल्या भीमसेनरावांचं, तिसरं भीमसेनरावांच्या मेव्हण्याचं. भीमसेनराव तंजावरकडचे मराठी, तीन पिढ्या ताडपत्र्या आणि तंबू विकणारे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटेशनातलं अक्षर एकच होतं. अलकनंदाबाईंना ते लांबूनच दिसलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. असली गोष्ट लगेच काढायची नसते, योग्य वेळेसाठी ठेवायची असते.

शनिवारी उमाकांतराव रिक्षातून उतरले ते एक लांबलचक निळी पिशवी दोन्ही हातांनी कवटाळून.

"एवढा?" अलकनंदाबाई म्हणाल्या.

"चौघांचा आहे," उमाकांतराव विजयानं म्हणाले आणि दरांचा तक्ता पुढे केला. "हे बघ. एकाचा चोवीसशे. चौघांचा छत्तीसशे. म्हणजे माणशी नऊशे! नियमानं सगळ्यांत कमी दराचाच घ्यावा लागतो."

"माणूस एकच आहे."

"ती तुझी अडचण झाली. दराची नाही."

उन्मेषनं तक्ता पाहिला आणि गणित बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. "आणि आई, चौघांचा आहे म्हटल्यावर आपण तिघं आरामात जाऊ. मी सोमवारी रजा टाकतो."

अलकनंदाबाईंनी चहाचे कप उचलले. स्वयंपाकघरात त्यांनी काटपाडीची रात्र आठवून पाहिली आणि कप जरा जास्तच वेळ विसळले. मग हात पुसत बाहेर येऊन त्यांनी सहज विचारलं, "अहो, तपासणी झाल्याशिवाय माल स्वीकारत नाहीत ना?"

"अर्थात."

"आणि तपासणी मागणी करणाऱ्यासमोर होते ना?"

"प्रश्नच नाही," उमाकांतराव म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर वाक्य पूर्ण झालं होतं.

रविवारी सकाळी गच्चीवर तपासणी झाली. उमाकांतरावांच्याच घड्याळावर. घरमालकीणबाई सीतालक्ष्मी एका कोपऱ्यात साडी पसरून तांदळाचे वडाम, म्हणजे आपले सांडगे, वाळत घालत होत्या. अलकनंदाबाईंनी पदर खोचला आणि खरोखर प्रयत्न केला. ऑडिट करताना त्यांनी कधी खोटेपणा केला नव्हता. पहिली काडी कापडात सरकवली, दुसरी सरकवेपर्यंत पहिली निसटली. तिसरीला वारा आला. निळं कापड एकदम फुगलं आणि वडामांच्या दिशेनं निघालं.

"अय्यो, नंदाबाई!" सीतालक्ष्मी धावत आल्या. "कल्याणाचा मांडव घालता की काय वो?" आणि त्यांनी एक टोक धरलं. उन्मेषनं दुसरं धरलं. उमाकांतरावांनी थोडा वेळ तटस्थ राहून पाहिलं, मग घड्याळ खिशात टाकून तिसरं टोक धरलं. पाच मिनिटं संपली तेव्हा तंबू कसाबसा उभा होता आणि त्याला चार माणसं लागली होती. चौघांचा तंबू म्हणतात त्यात काही खोटं नव्हतं.

अलकनंदाबाईंनी धाप टाकत पेन मागितलं आणि मागणीच्या कागदावर खाली लिहिलं : 'मागणीप्रमाणे माल नाही. नामंजूर.'

उमाकांतराव तो शब्द बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर तो त्यांनी लिहिला होता, त्यांना कोणी लिहून दिला नव्हता. सीतालक्ष्मी वडाम मोजायला गेल्या आणि उन्मेष खाली गेला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "नंदा, खरं सांग. मी घोरतो म्हणून?"

"घोरता. पण त्याची सवय झालीय."

"मग?"

"एक रात्र मला कोणी काही विचारू नये, एवढंच वाटतंय."

"म्हणजे काय विचारू नये?"

"हेच."

उमाकांतरावांनी तंबूच्या काड्या काढल्या. कापडाची घडी घालायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. पिशवीतून निघालेला तंबू पिशवीत परत जात नव्हता.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर दोघं ब्रॉडवेला गेली. भीमसेनरावांनी हात जोडले. "मामा, उघडलेला तंबू माघारी कसा घेऊं वो? आणि एकल्यासाठी तंबू कोण घेतो?"

"तुमच्या मेव्हण्यांना विचारू का?" अलकनंदाबाई म्हणाल्या. "अक्षर छान आहे त्यांचं."

भीमसेनरावांनी लगेच माळ्यावरून एक हिरवी गुंडाळी काढून दिली. उघडलेला तंबू परत घ्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. हिरव्या तंबूच्या काड्या वरच्या बाजूला एकत्र जोडलेल्या होत्या, छत्रीसारख्या. ओढल्या की खट् करून तंबू उभा. अलकनंदाबाईंनी दुकानातल्या फरशीवर तो दीड मिनिटात उभा केला.

"थांब," उमाकांतराव म्हणाले. "तपासणी नीट होऊ दे. भीमसेनराव, तुम्ही आत झोपा."

भीमसेनराव आत झोपले. मग उमाकांतराव चपला काढून, गुडघे टेकून त्यांच्या शेजारी शिरायला लागले. डोकं गेलं, एक खांदा गेला. शिवण करकरली. आतून आवाज आला, "मामा, कोपर काढा वो, मला श्वास घेववत नाही."

उमाकांतराव मागे सरकून बाहेर आले, केस सारखे केले, आणि कागदावर आपल्या हातानं लिहिलं : 'दुसरा माणूस मावत नाही. मंजूर.' सही करताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

शनिवारी दुपारी अलकनंदाबाई एकट्या बसनं बागेत गेल्या. खुंट्या ठोकण्यासकट तंबूला चार मिनिटं लागली. कनका कडेवर घागर घेऊन बघत उभी होती. "तनिया?" तिनं विचारलं. एकटीच का? अलकनंदाबाईंनी मान हलवली. कनकानंही मान हलवली आणि पाणी ठेवून निघून गेली. अलकनंदाबाईंनी चपला बाहेर काढल्या, एकाशेजारी एक नीट लावल्या, आणि आत जाऊन पाय पसरले. पाय कापडाला लागले. डोकंही लागलं. साडेसात वाजता झोप लागली आणि सकाळी सहाला जाग आली. मधलं काही सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना तेच हवं होतं.

रविवारी अकराला त्या घरी पोचल्या. दाराला कुलूप. त्या जिना चढून गच्चीवर गेल्या. निळा तंबू एका अंगाला कलून, पण ठामपणे उभा होता. चारी कोपरे विटांनी दाबलेले होते. बाहेर उमाकांतरावांच्या चपलांचा जोड होता. एकच.

आत उमाकांतराव कोपऱ्यातून कोपऱ्यात असे तिरके पसरले होते. उशाशी थर्मास, छातीवर रेडिओ, पायाशी कालचा पेपर. चष्मा नाकावर होता.

"आलीस?" ते हलले नाहीत.

अलकनंदाबाई प्रश्नांची वाट बघत उभ्या राहिल्या. गोळ्या कुठे, किल्ली कुठे, जेवायला काय. एकही आला नाही.

"कालपासून इथेच?"

"उन्मेष मित्राकडे गेला. म्हटलं, माल पडून आहे." उमाकांतरावांनी रेडिओचा आवाज थोडा कमी केला. "पुढच्या शनिवारी जाणार आहेस ना?"

वीस तासांत अलकनंदाबाईंना घरातल्या माणसानं विचारलेला हा पहिला मोठा प्रश्न. तो त्यांना अजिबात आवडला नाही. त्यांनी वाकून आत पाहिलं, चौघांच्या जागेत कुठे एखादा कोपरा रिकामा आहे का. नव्हता.

"बघते," त्या म्हणाल्या.

"बघू नकोस," उमाकांतराव म्हणाले. "लेखी दे."