गोदूबाईची पेज

मी एक जुनी पितळेची तपेली आहे. मित्रांनो, तोंडवलीच्या एका कोळ्याच्या घरात मी वर्षानुवर्षे पेज शिजवली. लवू होडीवरून आला की तो आणि त्याची बायको गोदूबाई समोरासमोर बसायची. पेज, भाजलेला सुका बांगडा आणि गप्पा. तळाची शितंसुद्धा ती दोघं ठेवत नसत.

सत्तावन्न साली लवू तापाने गेला आणि गोदूबाईचं जेवण तुटलं.

सून यशोदा गुणी होती. सासूचा मान म्हणून ती तिला सगळ्यांच्या आधी, एकटीला, पाटावर वाढायची. गोदूबाई दोन घास घेऊन ताट सारायची. "माका भूक नाय गो."

मग सगळे माझ्यावर घसरले. मुलगा बाळा म्हणाला, "तपेलीची कल्हई गेली आसतली." मला कल्हई केली. तांदूळ बदलले. दृष्ट काढली. वैद्याचा काढा झाला. मला तर वैताग आला होता. मी तीच, पेज तीच, आणि समोरचा रिकामा पाट कुणाला दिसत नव्हता! गोदूबाईची चोळी दंडावर सैल पडू लागली. मला तोंड असतं तर ओरडले असते.

एका दुपारी मासे विकून परतणारी हौसाबाई घामाघूम होऊन ओट्यावर टेकली. "यशोदा, वायच पेज दी. सकाळपासून पोटात काय नाय."

यशोदाने वाढलं. हौसाबाई ताट घेऊन गोदूबाईसमोर बसली. "माका एकटीक जेवूक बरा वाटणा नाय. तू पण घे."

यशोदाने गोदूबाईलाही थोडी वाढली. बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत हौसाबाई जेवत राहिली. गोदूबाई ऐकता ऐकता एकदा हसली आणि तिने पुन्हा पेज मागितली. यशोदा पळी हातात घेऊन बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन ताटं वाढली, पण बसायला ती कचरली. "मी मागसून जेवतंय, आई."

"मागसून कित्याक? बस गो," गोदूबाई म्हणाली.

त्या दिवशी माझा तळ दिसला.

पुढे ॲल्युमिनियमची पातेली आली आणि मी माळ्यावर गेले. आता माझ्यात कुळथाचं बियाणं असतं. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, घरात कुणी जेवेनासं झालं तर आधी भांड्यांना दोष देऊ नका. आपलं ताट उचला आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.