ओंजळीच्या आकाराचा प्रवाळ

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळ आहे. सांगलीतल्या एका घरात, माझ्या जुन्या काचेच्या पेटीत बसलो आहे. पांढरा आणि कोरडा. पाहुणे मला दगड समजतात, पण एके काळी मी जिवंत होतो. माझ्या अंगावर शेकडो इवलीशी तोंडे होती आणि माझा रंग मातकट तपकिरी होता.

मालवणजवळच्या समुद्रात मी वाढलो. १९७३ साली एका मच्छीमाराच्या जाळ्यात अडकून तळाच्या दगडासकट वर आलो. तो मला परत पाण्यात टाकतच होता, तेवढ्यात सुट्टीत मालवणला आलेल्या, शेजारी उभ्या असलेल्या लालासाहेबांनी हात पुढे केला. हा कडेगावचा माणूस नौदलात बारा वर्षे काढून आला होता आणि आता कुपवाडच्या कारखान्यात नोकरी करत होता. दुधाच्या कॅनमध्ये समुद्राचे पाणी भरून त्यांनी मला एसटीने सांगलीला आणले.

"विजयमाला, तू समुद्र बघितला न्हाईस न्हवं? घे, घरातच आणलाय," ते बायकोला म्हणाले.

लोखंडी अँगलला काचा बसवून त्यांनी माझी पेटी स्वतः बनवली. समुद्राचे ताजे पाणी दर महिन्याला त्यांचा मित्र आकाराम ट्रकमधून आणून देई. विजयमालाबाई मला सुक्या जवळ्याचा बारीक भुगा घालत. वीज गेली की पाण्यात हवा सोडणारे यंत्र बंद पडे. मग त्या तांब्याने पाणी उचलून वरून सोडत राहत, मला गुदमरायला होऊ नये म्हणून. कधी कधी हात भरून येई, तरी थांबत नसत.

पेटीला उजेड एकाच खिडकीतून मिळे. माझी एक कड त्या बाजूला कानासारखी उचलली गेली.

"आवं, हे येडंवाकडं का वाढतंय?"

"उजेड जिकडं, तिकडं त्याचं तोंड," लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी मला फिरवून ठेवले. मग माझी दुसरी कड उठली. चार वर्षांत मी दोन हातांच्या ओंजळीसारखा दिसू लागलो. शेजारच्या चंद्राबाई हसायच्या, "चिखलाचा वाडगा पाळलाय गं हिनं!" विजयमालाबाईंना मात्र मी फार आवडायचो.

१९७७ च्या उन्हाळ्यात लालासाहेबांना कावीळ झाली. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवले. विजयमालाबाई रोज डबा घेऊन जात आणि दमून परत येत. उन्हाने पेटीतले पाणी लालासाहेबांनी काचेवर ओढलेल्या रेघेच्या खाली जाऊ लागले. एरवी ते लालासाहेबच भरत. समुद्राचे पाणी खारट, म्हणून बाईंनी घागरीत मीठ विरघळवून रेघेपर्यंत ओतले. चार दिवसांनी पुन्हा ओतले. मग पुन्हा.

मित्रांनो, उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. माझ्याभोवती मीठच मीठ झाले. मी तोंडे मिटून घेतली. मला भूक लागली असेल म्हणून त्यांनी जवळा जास्त घातला आणि पाणी नासले. मला ओरडता येत नाही. माझे अंग कडेपासून सुटत गेले आणि एका दुपारी मी पूर्ण पांढरा झालो.

महिन्याभराने लालासाहेब काठी टेकत घरी आले. पेटीपुढे बराच वेळ उभे राहिले.

"तुमी दवाखान्यात ह्याचं इचारत होता, तवा बरं हाय म्हणून मी खोटं बोलले," विजयमालाबाई म्हणाल्या. "मिटाचं पाणी घालत हुते ओ. समुद्र बी खाराच न्हवं का? माज्याच हातनं गेलं."

"समुद्राचं पाणी घालायचं ते बदलताना. कमी झालं तर साधंच पाणी घालायचं असतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तुला रेघ दाखवली, पर सांगितलं काईच न्हाई. आन् तो कोळी ह्याला परत पाण्यात टाकत हुता गं. मीच आडवा हात घातला."

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

पुढे चंद्राबाई आल्या. मला बघून म्हणाल्या, "आता कसं लय देखणं झालंय! मला दे की, कपाटात शोभून दिसंल."

"न्हाई, चंद्राबाई," विजयमालाबाई म्हणाल्या. "शोभेचं न्हाई ते. मेलंय."

मित्रांनो, लोकांकडून कौतुक करून घेण्यासाठी मला मरावे लागले. कोणत्याही जिवाला घरी आणण्याआधी त्याला काय लागते ते नीट शिका आणि घरातल्या सगळ्यांना शिकवा. नुसत्या मायेने आम्ही जगत नाही. तेवढे शिकणे जमणार नसेल, तर जाळ्यातून सोडवणाऱ्या त्या हाताला अडवू नका. आम्हाला पाण्यात जाऊ द्या.