नोल्फाची जागा

मी एक रिकामी खुर्ची बोलतेय. ‘रिकामी’ हा शब्द स्वतःसाठी मी आज पहिल्यांदाच वापरतेय.

चिली देशातल्या आमच्या चिलोए बेटावर मोडकी होडी कुणी फेकून देत नाही. अशाच एका होडीच्या फळ्यांतून सुताराने शाळेसाठी आम्हा बारा खुर्च्यांना घडवलं. माझ्या पायांना अजून खाऱ्या पाण्याचा वास आहे. मग एक कुटुंब कामासाठी बेट सोडून गेलं, वर्गात मुलं उरली अकरा, आणि मी मोकळी पडले.

एदेल्मिरा बाईंनी मला शेगडीजवळ ओढलं. तिथे मुलांचे ओले लोकरी मोजे वाळत असत.

“ही नोल्फा,” बाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या. “फार लांबून आलीय. हिला काही म्हणजे काही येत नाही. शिकवायचं तुम्ही.”

“बाई, तिथे कुणीच नाहीये!”

“हळू बोल. तिला वाईट वाटेल.”

मुलं खिदळली, पण आठवड्याभरात नोल्फापायी जेरीस आली. बाई बारीक आवाज काढून तिची उत्तरं द्यायच्या आणि ती हटकून चुकायची. “अगं ढब्बू, वारा दिसत नाही म्हणून तो नसतो का?” असं ओरडून मुलं तिला समजावत, आणि समजावता समजावता त्यांनाच उमगत जाई. बाई आपल्या चहा पीत बसायच्या. लबाड बाई!

नऊ वर्षांची एर्सिरा मात्र गप्प असायची. तिच्या बाबांची होडी वादळात गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आईने नवस केले, डॉक्टर केले. काही उपयोग झाला नाही.

एक दिवस नोल्फा ‘सात आठे चौपन्न’ म्हणाली. दहाही जणांनी समजावलं, तरी चौपन्नच! सगळे वैतागून बाहेर खेळायला पळाले. एर्सिरा उठली. कोपऱ्यातल्या पोत्यातून बटाटे काढून तिने माझ्यासमोर सात ओळींत मांडले.

“नीट बघ,” ती म्हणाली. “घाई नाही.”

बाईंच्या पेल्यातला चहा हिंदकळला, पण त्यांनी मान वळवली नाही.

पुढे शाळा सुटल्यावरही एर्सिरा माझ्यापाशी थांबू लागली. एकदा अगदी जवळ येऊन कुजबुजली, “नोल्फा, तू लांबून आलीस ना? वाटेत माझे बाबा दिसले का गं?”

त्याच क्षणी माझी बैठक करकरली. खोटं नाही सांगत, एर्सिरा समोर उभी होती, तरी माझ्यावर कुणीतरी बसलं होतं. पोर हलकी होती, आणि ओली होती.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला निकाल दिला, पोटाशी धरलं, आणि नोल्फाला विसरल्या. तिला कुणी पास केलं नाही, कुणी ‘जा आता’ म्हटलं नाही. मग मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. खिडकीची काच फुटली, पाऊस आत येऊ लागला, तरी नोल्फा माझ्यावर बसूनच. मला तिची भीती वाटायची, आणि तिची कीवही यायची.

गेल्या मार्चमध्ये एर्सिरा आली. आता तीही शिक्षिका आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“नोल्फा, सात आठे किती?”

मग एर्सिराच बाईंसारखा बारीक आवाज काढून म्हणाली, “चौपन्न.” स्वतःशीच हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं.

“छप्पन्न गं बाळा, छप्पन्न. जा, झालीस तू पास. आणि वाटेत बाबा भेटले तर त्यांना सांग, मी बोलते आता.”

माझी बैठक पुन्हा करकरली. ओल राहिली होती, ती संध्याकाळपर्यंत सुकली.

आता मी रिकामी आहे. तुमच्या घरात एखादं मूल गप्प असेल, तर मला घेऊन जा. त्याच्यासमोर ठेवा, माझ्यावर एखादं नाव बसवा आणि त्याला शिकवू द्या. फक्त काम झालं की माझ्यावर बसलेल्या त्या पोरीला निरोप द्यायला विसरू नका.