बरणीचा रकाना

मित्रांनो, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या संगणकात माझं घर आहे. मी सॉफ्टवेअर आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मोरोक्कोतल्या एका शहरात डॉक्टर गिझलानबाईंनी तीन वर्षं खपून मला घडवलं.

माझं काम सांगायला सोपं, करायला किचकट. माणसाच्या रक्तात, पाण्यात, घरातल्या धुळीत कोणती रसायनं सापडली ते एका बाजूला. त्याची उंची, वजन, श्वास, कान हे दुसऱ्या बाजूला. या दोन बाजूंमध्ये कुठे नातं दिसतं का, हे मी शोधतो. अशा हजारो जोड्या मी तपासतो. शंभर जोड्या पाहिल्या की चार-पाच उगाचच जुळतात, गर्दीत दोन अनोळखी माणसांचे सदरे सारखे निघावेत तशा. असे योगायोग पाखडून टाकणं हीच माझी खरी विद्या.

शहरात कातडी कमावण्याचे जुने हौद होते. तिथल्या मुलांना कमी ऐकू येतं, अशी शिक्षकांची तक्रार आली. गिझलानबाईंनी शहरातल्या आणि भोवतालच्या चारशे बारा मुलांचं रक्त आणि कान तपासले. नर्स लल्ला रकिया घरोघर फिरून प्रश्नांची उत्तरं लिहून आणायची. नजीब नावाचा सहकारी आकडे माझ्यात भरायचा.

पहिल्याच फेरीत दोन नाती ठळक दिसली. रक्तात शिसं जास्त, तर कान मंद. आणि घर हौदांच्या जवळ, तर शिसं जास्त.

नजीबने टाळी वाजवली. "सापडला चोर! कातड्याच्या रंगातूनच येतंय हे."

माझं फार कौतुक झालं. दहा दिवसांनी नगरपालिकेची बैठक होती. हौद बंद करायचा ठराव तयारच होता, फक्त आमच्या अहवालाची वाट होती. दोनशे घरांची चूल त्या हौदांवर पेटत होती.

पण तीनशे सातवी ओळ माझ्या हिशेबात बसेना. हिबा, वय आठ. सगळ्यांत जास्त शिसं तिच्याच रक्तात.

"ही पोर तर डोंगरावर राहते," लल्ला रकिया म्हणाली. "हौदांचा वाससुद्धा तिथे पोचत नाही."

"नळी बदलली असेल. काढून टाका ती ओळ," नजीब म्हणाला. "चारशे अकरा पुरेत की!"

"नळीवर नाव मी माझ्या हाताने लिहिलंय. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर नवरीचं नाव चुकवलं ते तू, मी नाही!"

गिझलानबाई हसल्या. त्यांनी मला दोन्ही तऱ्हेने चालवलं, हिबासह आणि हिबाशिवाय. हिबाशिवायची आकृती सुबक आली. बाई ती बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लल्ला, उद्या डोंगरावर जाऊ या."

मला कुठे जाता येत नाही. पुढचं मी लल्ला रकियाच्या तोंडून ऐकलं.

हिबाची आई इत्तो त्यांना जेवल्याशिवाय सोडीना. खारवलेल्या लिंबांची कोंबडी शिजवली होती. हिबा मात्र बरणीतून नुसती लिंबंच काढून चोखत होती, इतर मुलं गोळ्या चोखतात तशी.

"अगं, दात आंबतील!" रकिया म्हणाली. "बरणी छान आहे गं इत्तो. कुठली?"

"माझ्या भावाची, अल्लालची. कुंभार आहे ना तो. भट्टीत झिलई नीट भाजली नाही, की तो बरण्या स्वस्तात काढतो. दर गुरुवारी हौदांपाशी बसतो विकायला. आम्हाला काय, फुकटच!"

गिझलानबाईंचा घास हातातच राहिला.

बरणीत लिंबाचा रस ठेवून तपासला, तर त्यात झिलईतलं शिसं उतरलेलं. पण एका बरणीवरून निकाल देता येत नाही. बाईंनी नगरपालिकेला कळवलं, "उत्तर तयार नाही." तिथे लोक हसले, पण बैठक पुढे ढकलावी लागली. माझ्यात एक नवा रकाना आला: घरात झिलईची बरणी आहे का? त्या एका प्रश्नासाठी लल्ला रकिया चारशे बारा दारं पुन्हा चढली. "माझे गुडघेही तुमच्या यंत्रात घाला," असं ती रोज म्हणायची.

मी पुन्हा जोड्या लावल्या. बरणी असलेल्या घरांत शिसं होतं, मग घर हौदांजवळ असो की डोंगरावर. बरणी नसलेल्या घरांत हौद जवळ असूनही फरक पडत नव्हता. हौदांजवळ बरण्या जास्त होत्या, कारण अल्लाल तिथेच विकायला बसायचा. हौद वाचले.

मग अल्लाल आमच्या खोलीत आला. थोराड माणूस, नखांत माती. कोपऱ्यात उभा राहिला.

"माझ्याच भाचीला?" तो म्हणाला. "दर हिवाळ्यात मी स्वतः बरणी पोचवायचो. झिलईत काय घालतो ते मी कधी लपवलं नसतं. मला आधी का नाही विचारलं कुणी?"

"मामा, तो प्रश्न माझ्या कागदावर नव्हताच," गिझलानबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

 पुढच्या गुरुवारपासून अल्लाल लल्ला रकियाबरोबर दारोदार फिरला. "माझी बरणी परत द्या," असं तो स्वतः सांगायचा. काही बायकांनी त्याला तोंडावर शिव्या दिल्या. त्याने त्या खाली मान घालून ऐकल्या. बिनशिशाची झिलई जमेपर्यंत त्याची भट्टी आठ महिने थंड होती.

दोन वर्षांनी मुलांचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरलं होतं, हिबाचंही. तिचा कानाचा आकडा मात्र जिथे होता तिथेच राहिला. तो आकडा मी तीनदा मोजला. दर वेळी तोच आला. हिबा आता वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि शिक्षिकेच्या ओठांकडे बघते.

मित्रांनो, आता माझ्याहून चपळ भावंडं आली आहेत. मला महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही, आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. पण तुमच्यापैकी कुणी उद्या आकड्यांचं काम कराल, तर एवढं ऐका. जे माझ्यात लिहिलेलं नाही, ते मला कधीच दिसत नाही. म्हणून प्रश्न लवकर विचारा, आणि ज्याच्या हातून वस्तू घडते त्याला आधी विचारा. आणि एखादी ओळ हिशेबात बसत नसेल, तर ती पुसण्याआधी त्या घरी एकदा जेवून या.