उसना आणलेला पंखा

मित्रांनो, मी सौसरच्या बाजारातला एक जुना टेबलपंखा आहे. माझा निळा रंग उडाला, जाळीची तार तुटली, तरी कोणाकडे पाहुणे येणार असं कानावर पडलं की आजही माझी पाती थरथरतात. का, ते ऐका.

गुणवंताशेठनं मला आपल्या दुकानासाठी नागपूरहून नवंकोरं आणलं. संत्र्यांचे व्यापारी आधी माझ्यासमोर बसत, मग भावाचं बोलत. माझा तोरा काही विचारू नका! पुढे माझं बटण बिघडलं आणि पांढुर्ण्याच्या मिस्त्रीनं नवं बटण माझ्या बुडाखाली, मागच्या बाजूला बसवलं. शेठशिवाय ते कोणाला सापडत नसे. गिऱ्हाइकं हसत आणि मी मान फिरवून घेई.

१९८६ च्या मे महिन्यात पुंडलिकराव मला मागायला आले. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्यांच्या उर्मिलाला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळत होता. शिक्षण, राहणं, जेवण, सगळा खर्च कॉलेजच उचलणार होतं, पण घरची ऐपत नाही याची खात्री पटली तरच. ती खात्री करायला नागपूरच्या अनुराधाबाई घरी येणार होत्या. त्या त्याच कॉलेजात शिकलेल्या.

पुंडलिकरावांनी अर्जात पगार खरा लिहिला होता. पण घरी पाहुणी येणार म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. मुलगी बघायला लोक येतात तेव्हा आपल्याकडे करतात तेच त्यांनी केलं. शाळेतून खुर्च्या आणल्या, शेजारून कपबशा आणल्या आणि गुणवंताशेठकडून मला.

"बाबा, त्या मले पाहाले नाही, आपली परिस्थिती पाहाले येऊन राहिल्या," उर्मिला रडकुंडीला आली. "हे सारं पाहून अर्ज खोटा वाटन त्याईले!"

"मंग काय उघडं घर दाखवू? लोकं काय म्हणतीन?" पुंडलिकराव म्हणाले आणि त्यांनी मला स्टुलावर ठेवलं.

मी भ्यालो. माझ्यामुळे या पोरीचं वाटोळं होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अनुराधाबाई आल्या. माझं बटण दुकानातूनच चालू होतं, त्यामुळे वायर लावताच माझी मान फिरू लागली. इकडे फिरली की ताठ बसलेले पुंडलिकराव दिसत, तिकडे फिरली की पदर घट्ट धरून उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी वच्छलाबाई, त्यांच्याशेजारी पांढरीफटक उर्मिला.

"पंखा छान आहे. घरचाच का?" बाईंनी सहज विचारलं.

"हो, घरचाच," पुंडलिकराव म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. उर्मिलानं डोळे मिटले. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्याजवळ घरघरीशिवाय काय होतं?

तेवढ्यात बाईंचे कागद उडाले. "जरा हळू करता का याला?" त्या म्हणाल्या.

पुंडलिकराव उठले. त्यांनी माझं कपाळ चाचपलं, पाठ चाचपली, मान पिरगाळून पाहिली. बटण काही सापडेना. ते सापडू नये, म्हणजे मी उसना आहे हे उघड होईल, म्हणून मी देवाला आळवत होतो. त्यांची बोटं घामानं भिजली आणि जाळीच्या तुटलेल्या तारेच्या फटीतून आत सरकली.

"बाबा, हात!" उर्मिलानं झेप घेऊन वायर उपटली.

माझी पाती नखभर अंतरावर थांबली. आपली लेक आणि बायको कशा कापताहेत ते पुंडलिकरावांनी पाहिलं. मग ते खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसले.

"बाई, हा पंखा गुणवंताशेठचा हाय. खुर्च्या शाळेच्या. कपबशाही आमच्या नाहीत. या खोलीत आमची म्हणान तं ही पोरगी."

अनुराधाबाईंनी वही मिटली. त्याही खाली बसल्या आणि पदरानं वारा घेत उर्मिलाशी कितीतरी वेळ बोलल्या.

मी दुकानात परतलो, पण जून सरेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. मग एके दिवशी पुंडलिकराव पेढे घेऊन आले. मागून उर्मिला आली. तिनं माझी जाळी पुसली. "एवढ्या दूर जायचं म्हणून लय भेव वाटून राहिलं रे," ती हळूच म्हणाली. घरच्यांपाशी ती हे बोलली नसावी.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा, थेंबभर तेल घाला, तुटलेली तार जोडून घ्या. पण पाहुणे येणार म्हणून मला कोणाच्या घरी उसना नेऊ नका. त्या दिवशी बटण सापडलं असतं तर?